डोक्याचा मुका मार

भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर पोसलेला दौंड तालुक्यातील राहूचा परिसर हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने सतत धावत असतात आणि त्यांच्या कडेने दुचाकीस्वाराला वाट काढावी लागते. अशा रस्त्यावर पडलेला एखादा माणूस कपडे झटकून उठतो. हाड मोडलेले नसते, पुण्यात काढलेला सी. टी. स्कॅनही निर्दोष निघतो. प्रकरण संपले असे घरचे समजतात. वस्तुतः कित्येकदा ते तेथूनच सुरू होते.

पंधरवडा लोटला तरी डोके ठणकत राहते, मान वळवताच भोवळ येते, चुलाणाचा जाळ आणि चरकाची घरघर सोसवत नाही, वजनाचे साधे आकडे जुळत नाहीत. शांत स्वभावाचा माणूस लेकरांवर खेकसू लागतो. मग त्याच्यावर अंगचोरपणाचा शिक्का बसतो. ज्या इजेची खूण दिसत नाही तिला आपल्याकडे मुका मार म्हणतात. मेंदूच्या बाबतीत हा शब्द यथार्थ आहे. हादऱ्याने मेंदूच्या कार्यात बिघाड होतो, परंतु तो चित्रात उमटत नाही. रक्तस्राव दिसला नाही एवढेच स्कॅन सांगतो. इजाच नाही, असे सांगत नाही.

बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. लक्षणे महिनाभरानंतरही रेंगाळली तरी उपाय खुंटत नाहीत. पूर्वी दीर्घकाळ अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला दिला जाई. खेळातील अशा इजांविषयी २०२२ साली ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या तज्ज्ञ परिषदेने मात्र पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि नंतर सोसेल तशी वाढती हालचाल, हा मार्ग सांगितला. भोवळीवर तोल सावरण्याचे व्यायाम, मानेवर भौतिकोपचार, वेळेवर झोप आणि मद्यवर्ज्यता यांचा उपयोग होतो. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र डोकेदुखीच मुक्काम ठोकते. उलट्या, गुंगी, झटके किंवा वाढती डोकेदुखी दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेरा येथे रवींद्र जडेजाच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा २०१९ च्या नियमानुसार त्याच्या जागी यजुवेंद्र चहल उतरला. खेळाडूच्या न दिसणाऱ्या इजेला नियमाने मान्यता दिली. शेतकऱ्याचे काय? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात अनुदान योजनेत मृत्यूसाठी २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा गमावल्यास १ लाख रुपयांची तरतूद आहे. गमावलेला अवयव मोजता येतो. हरवलेले चित्त मोजण्याचे माप तेथे नाही.

हे माप ठरेल तेव्हा ठरो. तोवर प्राथमिक आरोग्य केंद्राने अशा रुग्णाला पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून तपासावे आणि गुऱ्हाळमालकाने त्याला काही काळ चुलाणापासून दूर, हलके काम द्यावे. यास फारसा खर्च येत नाही. मात्र त्यासाठी एक गोष्ट आधी घडली पाहिजे: डोके दुखते असे माणूस म्हणतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवला पाहिजे.