हवेचे ओझे

सपाट रस्ता आहे. सायकलीला तेलपाणी झाले आहे. तरी वेग वाढवला की दम लागतो. असं का होतं? आपल्याला कोण अडवतं?

अडवते ती हवा. हवा डोळ्यांना दिसत नाही, पण तिला वजन आहे बरं का! दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यातल्या हवेचे वजन सुमारे ३३ किलो भरते. सायकलवाला ही हवा बाजूला सारत पुढे जातो.

समोरची हवा छातीला रेटते. मग ती अंगाच्या दोन्ही बाजूंनी मागे जाते. पण पाठीमागची जागा तिला नीट भरता येत नाही. नदीत पुलाच्या खांबामागे भोवरे होतात ना, तसे तिथे हवेचे भोवरे होतात. तिथला दाब कमी होतो. म्हणजे पुढून रेटा आणि मागून ओढ!

वेग दुप्पट केला, तर हा अडथळा चौपट होतो. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आहे आणि समोरून वाराही तेवढ्याच वेगाने येतो आहे. मग हवा ३० च्या वेगाने अंगावर येते. अडथळा चौपट! अशा वेळी सावकाश जावे. थोडे पुढे वाकावे. कोपरे अंगाजवळ घ्यावीत. सदरा फडफडू देऊ नये.

वाकण्याने किती फरक पडतो? १९८९ साली फ्रान्समधल्या मोठ्या शर्यतीचा शेवटचा दिवस होता. फ्रान्सचा फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या लेमाँडने हँडलला पुढे खास दांडे लावले होते. त्यांवर हात टेकून, अंग वाकवून तो २४.५ किलोमीटर गेला. तीन हजारांहून जास्त किलोमीटरांची ती शर्यत त्याने अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली.

दुसऱ्याच्या मागे राहिले तर हवा कमी लागते. म्हणून काही जण मालट्रकच्या मागे सायकल धरतात. असे कधीही करू नका. ट्रकने ब्रेक दाबला, तर सावरायला वेळच मिळत नाही. भरधाव ट्रक जवळून गेला, तर हवा आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. तेव्हा हँडल घट्ट धरा, कडेने चला.

दमलात तरी चालेल, पण घरी सुखरूप पोचा.