व्यवसायशिक्षण : कोणासाठी आणि कसे?

माध्यमिक शाळेत सुतारकाम, वेल्डिंग, वीजजोडणी शिकवावी असे म्हटले की आपल्या पालकांच्या मनात एक शंका उभी राहते : ज्या पिढीजात कामांतून शिक्षणाने आपल्याला बाहेर काढले, तिकडेच मुलांना पुन्हा नेणार काय? शंका रास्त आहे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. तेव्हा दोष कौशल्याचा नाही. ते जन्मावरून वाटून देण्याचा आहे.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथे घडलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य हे त्याचे चार विभाग. मुलगा असो वा मुलगी, सर्वांनी सर्व शिकायचे. वीजजोडणी करताना विज्ञान उमगते, जमीन मोजताना भूमिती, खर्च मांडताना अंकगणित.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून व्यवसायांचा परिचय सुचविला आहे. त्याचा स्वीकार करताना दोन अटी पाळाव्यात. व्यवसायशिक्षण केवळ ‘मागे पडलेल्या’ मुलांसाठी नसावे आणि त्यापायी गणित, विज्ञान, इंग्रजीचे तास कमी होऊ नयेत. हातात कौशल्य असावे आणि महाविद्यालयाचे दारही उघडे असावे; त्यांतून निवड मात्र विद्यार्थ्याने स्वतः करावी.