करवंटीचे मोल

देहूहून आळंदीकडे जाणारी इंद्रायणी तळवड्याच्या शिवाराला लागून वाहते. जिचे पाणी वारकरी तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, तिच्या पात्रावर आळंदीजवळ अलीकडच्या वर्षांत पांढऱ्या फेसाचे थर अनेकदा दिसले. दोष शहराच्या सांडपाण्याचा की कारखान्यांचा, हा वाद चालू राहील. तथापि तळवडे-चिखली भागातील लहान कारखान्यांचे पाणी स्वच्छ करण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. ह्या कामी उपयोगी पडणारी एक वस्तू कोकणातील परसात आणि चुलीपुढे पडलेली असते. ती म्हणजे नारळाची करवंटी.

करवंटी मोजक्या हवेत भाजली म्हणजे तिचा कोळसा होतो. सुमारे तीन टन करवंटीपासून एक टन कोळसा मिळतो. मात्र एवढ्याने काम होत नाही. हा कोळसा भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानात पाण्याच्या वाफेने धुपवावा लागतो. त्यात त्याचे निम्मे किंवा त्याहून अधिक वजन खर्ची पडते. परंतु उरलेल्या भागात असंख्य सूक्ष्म छिद्रे उघडतात. ह्यालाच सक्रियित कार्बन म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ १,००० चौरस मीटरच्या घरात जाऊ शकते. रंग, दुर्गंधी व अनेक सेंद्रिय द्रव्ये ह्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. ही क्रिया अधिशोषणाची होय.

करवंटीचे हे मोल जगाला युद्धाने शिकविले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन वायू सोडला गेला आणि विषारी वायूपासून बचाव करणारे मुखवटे ही सैन्याची निकड बनली. १९१८ मध्ये अमेरिकेत नागरिकांकडून पीचच्या कठीण बिया व कवचे गोळा करण्यात आली, ती मुखवट्यांतील कोळशासाठीच. नारळाची करवंटी ह्या कामी विशेष सरस ठरली, कारण तिचा कोळसा कठीण असतो आणि त्याची छिद्रे अतिशय बारीक असतात.

महाराष्ट्रात कवचांची वाण नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत काजूची टरफले निघतात, इतरत्र भुईमुगाची. परंतु सगळ्या टरफलांना एकच माप लावता येत नाही. काजूच्या टरफलातील दाहक तेल आधी काढून घ्यावे लागते. भुईमुगाच्या टरफलाचा कोळसा ठिसूळ होतो. तो दाणेदार गाळणीपेक्षा भुकटीच्या रूपाने अधिक उपयोगी पडतो.

सक्रियित कार्बन हा रामबाण उपाय मात्र नव्हे. तळवड्यासारख्या भागातील धातुकामाच्या सांडपाण्यात तेल व धातूंचे क्षार असू शकतात. तेलाने कार्बनची छिद्रे बुजतात. म्हणून तेल आधी वेगळे करावे लागते आणि धातूंचे क्षार रासायनिक क्रियेने तळाशी बसवावे लागतात. कार्बनची पाळी शेवटच्या टप्प्यात येते. शिवाय वापरून संपृक्त झालेला कार्बन स्वतःच घातक कचरा ठरू शकतो. त्याचे भट्टीत पुनरुज्जीवन करण्याची किंवा सुरक्षित विल्हेवाट लावण्याची सोय नसेल, तर नदीतील विष जमिनीत पोचविल्यासारखे होईल. उघड्या खड्ड्यात करवंट्या जाळून गावाला धूर पाजणे हाही उपाय नव्हे.

म्हणूनच ह्या कामाची वाटणी विचारपूर्वक व्हावयास हवी. कोळसा बागायतीच्या गावी, धूर आवरणाऱ्या भट्टीत करावा. सक्रियणाला लागणारी भट्टी व चाचणीची साधने सहकारी संस्थेने उभारावीत. लहान कारखान्यांनी आपले पाणी सामायिक शुद्धीकरण केंद्रात आणावे व वापरलेला कार्बन परत करावा. प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रणा उभारणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते.

जलप्रदूषणाला आळा घालणारा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला. कायदा नदीला आधार देतो, परंतु नदी स्वच्छ ठेवण्यासाठी स्वस्त साधने आणि ती नेटाने वापरणारी माणसे लागतात. साधन करवंटीत आहे. दुसऱ्या गोष्टीची उणीव कोणत्याही भट्टीत भरून निघणार नाही.