घर पाहायला शुक्रवारी जाऊ नका

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. कारखानदार, विणकर, कापडाचे व्यापारी, दलाल, सर्वांची सुट्टी त्याच दिवशी. त्यामुळे घर किंवा प्लॉट पाहायचा झाला म्हणजे आपले लोक जुमाची नमाज व जेवण आटोपून, दलालाला बरोबर घेऊन, दुपारी तीन-चारच्या सुमारास निघतात. मीही २००३ साली असाच गेलो. नवी वस्ती, दोन मजली पक्के बांधकाम, समोर बऱ्यापैकी रुंद गल्ली आणि मुख्य म्हणजे शांतता. जुन्या मोहल्ल्यात आमच्या घराखालीच वडिलांचे माग होते. जन्मापासून खटखट ऐकलेल्या माणसाला ती शांतता मोठी नेअमत वाटली. त्याच आठवड्यात मी इसार दिला.

राहायला गेलो तेही शुक्रवारीच. शनिवारी सकाळी मागच्या भिंतीपलीकडील शेडमध्ये २४ माग सुरू झाले. मांडणीवरची भांडी वाजू लागली, पेल्यातले पाणी थरथरू लागले. दलालाला फोन केला तर तो म्हणाला, "सेठ, आपने पूछा कब था?" त्याचे म्हणणे खरे होते. मी विचारलेच नव्हते.

त्या घरात आम्ही ११ वर्षे काढली. वडिलांना आधीच कमी ऐकू येत होते. मागांत आयुष्य काढलेल्या पुष्कळ माणसांचे तसे होते. पण मुलांनाही मोठ्याने बोलायची सवय लागली, ती अजून गेलेली नाही. मुलगी दहावीला होती तेव्हा रात्री अभ्यासाला मावशीकडे जात असे. घराचे कर्ज फेडायचे आणि अभ्यासाला पोरीला दुसऱ्याच्या घरी पाठवायचे, असा तो व्यवहार होता.

आपण कोऱ्या कापडाचा तागा घेतो तेव्हा भिंगाखाली ताण्याबाण्याचे धागे मोजतो, पन्हा तपासतो, घडी उलगडून डाग पाहतो. माल खराब निघाला तर परत करतो, नाही तर रकमेत वटाव कापतो. घर मात्र दलालाच्या जिभेवर घेतो. त्यात पाहतो काय, तर खोल्या किती, फरशी कोणती, गच्चीला पायऱ्या आहेत की नाही. घराआधी शेजार पाहा, अशी अरबीत एक म्हण आहे. आपण ती शेजारी कोणत्या बिरादरीचा आहे एवढ्यापुरतीच पाळतो. वास्तविक मागांची शेड, सायझिंगचा बॉयलर, वेल्डिंगचे वर्कशॉप, हायवे हेही शेजारीच आहेत, आणि ते माणसासारखे समजूत घातल्याने ऐकत नाहीत.

कान, नाक आणि पाय

दुसऱ्या खेपेला मी वेगळी रीत धरली. २०१२ ते २०१४ या काळात आठ-दहा जागा पाहिल्या, आणि जी जागा मनात भरे तेथे निदान तीन वेळा गेलो: एकदा फजरनंतर, एकदा शाळा सुटण्याच्या वेळी, एकदा रात्री अकरानंतर. शुक्रवार सोडून. वीज गेलेली असेल तर परत आलो, कारण वीज नसताना प्रत्येक मोहल्ला शांतच असतो. मोटारसायकल लांब उभी करून पायी फिरलो. दलालाला बरोबर घेतले नाही; तो बोलत राहतो आणि आपले कान बंद होतात.

कायद्याचा आधार वाचकांना माहीत असावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मागांच्या शेडमध्ये आवाज ९०च्या वर सहज जातो. अर्थात आपल्याकडे ही मर्यादा कागदावरच आहे, आणि ती मोडणारे आपणच आहोत. पण मोबाइलवर आवाज मोजण्याची सोय आता कोणालाही मिळते. आकडा अगदी बिनचूक नसला तरी दोन गल्ल्यांतला फरक त्यात कळतो.

धूर पाहायचा असेल तर दोरीवर वाळणारे पांढरे कपडे पाहावेत. सायझिंगच्या वाऱ्याच्या दिशेला गच्च्यांवर बायका कपडे वाळत घालत नाहीत, घातले तर तासाभरात काढतात. झाडाच्या पानावरून बोट फिरवावे. काजळी आली तर ती जागा सोडा. हीच काजळी मुलांच्या छातीत जाणार आहे. एका ठिकाणी पानांवर कापसाचा बारीक भुसा साचलेला दिसला. घरमालक मात्र "इथे सगळा कारभार निवांत" असे सांगत होता.

पायी चालण्याचा मुद्दा मला सर्वांत उशिरा कळला. जुन्या मोहल्ल्याला आपण गर्दीचा म्हणून नावे ठेवतो, पण तेथे एक मोठी सोय होती. सर्व काही पायी होते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या आपल्या विणकर बुजुर्गांनी घर आणि हातमाग एकत्रच मांडले. बायका घरात कांडी भरत, मुले दोन गल्ल्या ओलांडून शाळेत जात, मशीद, किराणा, हकीम पाच मिनिटांवर. पुढे हातमागाच्या जागी यंत्रमाग आला, तो त्याच खोलीत बसवला गेला आणि शांतता गेली. पायी जाण्याची सोय मात्र शिल्लक राहिली. नव्या वस्तीत गेलेल्या आमच्यासारख्यांची दोन्हीकडून गेली: आवाज तसाच, आणि दुधाच्या पिशवीलाही गाडी काढायची. आमच्या अम्मी जुन्या घरी रोज दुपारी बहिणीकडे चालत जात. नव्या वस्तीत रिक्षाशिवाय जाता येईना, म्हणून आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा, मग गुडघे धरले म्हणून जाणेच बंद झाले. डॉक्टरांनी सांगितले, रोज चाला. चालायचे कुठे? एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला घरांचे ओटे आणि उभ्या गाड्या, आणि वळणावर सुताच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो.

म्हणून जागा पाहताना घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान मुलाला एकदा बरोबर न्यावे. शाळा, मशीद, किराणा, दवाखाना, मेडिकल यांपैकी किती ठिकाणी ते दोघे दहा मिनिटांत, वाहनाखाली येण्याच्या धास्तीशिवाय पोहोचतात ते पाहावे. आठ वर्षांच्या मुलाला जुना आग्रा रोड ओलांडावा लागत असेल, तर शाळा समोर दिसत असली तरी ती लांबच आहे. आणखी एक खूण सांगतो. मगरिबनंतर रस्त्यावर बायका-मुली दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर त्या गल्लीत दिवे नसतील, कुत्री असतील किंवा टपरीवर नको ते लोक बसत असतील. कारण नंतर शोधता येते, खूण आधी कळते.

यात पैशांचा हिशेबही आहे, आणि तो आपण व्यापारी लोक असूनही करत नाही. समजा, गावाबाहेरचे घर चार लाखांनी स्वस्त मिळाले. तेथून मुलांची रिक्षा, बायकांचे येणे-जाणे, आपले पेट्रोल मिळून रोज १२० रुपये जादा लागले, तर महिन्याचे ३,६०० आणि वर्षाचे ४३,२०० होतात. दहा वर्षांत ४ लाख ३२ हजार. स्वस्ताई तेथेच संपली, आणि रिक्षाभाडे दहा वर्षे तेच राहणार नाही हे वेगळे सांगायला नको.

झाड उधारीवर मिळत नाही

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३च्या पुढे जातो. पत्र्याच्या आणि स्लॅबच्या घरांत रात्री दोनपर्यंत भिंती गरम असतात. ज्या गल्लीत जुने कडुनिंब, करंज उभे आहेत तेथे दुपारी माणूस चालू शकतो, हे कोणीही अनुभवाने सांगेल. घर आपण वर्षात बांधतो. कडुनिंबाला गल्लीवर सावली धरायला दहा-बारा वर्षे लागतात, तेही त्याला मुळे पसरायला जागा ठेवली तर. आपल्या नव्या वस्त्यांत भिंतीला भिंत आणि दारापर्यंत काँक्रीट असते, मग झाड लावणार कुठे? म्हणून लागलेले झाड असलेली जागा दोन पैसे जास्त देऊन घ्यावी असे माझे मत आहे. दलाल झाडाचे पैसे वेगळे सांगत नाही, पण त्याची किंमत फरशीपेक्षा जास्त आहे.

हिरवळीचा दुसरा भाग लेआउटच्या नकाशात असतो. ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा लेआउट मंजूर करताना १० टक्के जागा खुली सोडावी लागते. मंजूर नकाशाची नक्कल घेऊन त्या जागेवर स्वतः जाऊन उभे राहावे. पुष्कळदा तेथे गवताऐवजी कोणाची तरी खोली सापडते. नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा काढावा. आज दिसणाऱ्या मोकळ्या मैदानावर उद्या काय येणार, आणि आपल्या प्लॉटवरून विकास आराखड्यातला रस्ता जातो की काय, हे त्यातून कळते. बिगरशेती आदेश नसलेल्या जमिनीवर तुकडे पाडून विकलेले गुंठेवारीचे प्लॉट स्वस्त असतात. २००१च्या कायद्याने आणि २०२१च्या दुरुस्तीने त्यांपैकी ३१ डिसेंबर २०२०पर्यंतचे काही नियमित होऊ शकतात, सगळे नाही. तेथे गटार आणि रस्त्याची वाट किती वर्षे पाहावी लागेल, हे विकणारा सांगत नाही. इमारतीतला फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय हात लावू नये. २०१३ साली मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. राहणारे बहुतेक गरीब कष्टकरी होते. कागद पाहण्याची ऐपत आणि सवड दोन्ही त्यांच्याकडे नव्हती. आपल्याकडे आहे.

आपल्याच वस्तीत का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. मोसम नदीपलीकडे कॅम्पकडे रस्ते रुंद आणि झाडे जास्त, अलीकडे आपल्याकडे दाटी, हे मालेगावात सर्वांनाच माहीत आहे. २००१ची दंगल आणि २००६ व २००८चे बॉम्बस्फोट पाहिलेल्या माणसाने आपल्या लोकांत राहावे असे म्हटले तर मी त्याला दोष देत नाही. मीही आपल्यातच राहिलो. शाळा उर्दू, मशीद जवळ, अडीअडचणीला दार उघडणारे शेजारी, या गोष्टी नकाशावर दिसत नाहीत पण त्यांचे मोल आहे. तक्रार एवढीच आहे की, आपल्यात राहायचे म्हणून आवाज, धूर आणि तुंबलेली गटार हेही निमूट पत्करायचे, असा हिशेब आपणच लावून ठेवला आहे. शेड आपली, सायझिंग आपले, ओटे आपले. कॅम्पवाल्यांनी येऊन ते बांधलेले नाहीत.

२०१४ला मी घेतलेले घर जुन्या कॉलनीतले आहे. छत गळत होते, खोल्या लहान, आणि किंमत नव्या वस्तीतल्या मोठ्या घराएवढी. भावांनी वेड्यात काढले. पण गल्लीत सात कडुनिंब होते, मशीद चार मिनिटांवर आणि अम्मींच्या बहिणीचे घर नऊ मिनिटांवर. दोन वर्षांनी मागच्या गल्लीत एकाने शेड घालून १६ माग बसवले. या खेपेला मी गप्प बसलो नाही. तक्रार अर्जही केला नाही. इशानंतर आम्ही सात-आठ जण त्याच्या घरी चहाला गेलो. तो बाजारातलाच माणूस, माझ्याकडेच माल देणारा. त्याचे म्हणणे, पाळी बंद केली तर बँकेचा हप्ता कसा भरू? तासभर बोलणे झाले. शेवटी रात्री दहानंतर माग बंद आणि गल्लीकडच्या खिडक्या विटांनी बुजवायच्या, यावर जमले. विटांचा खर्च आम्ही वाटून घेतला. पूर्ण शांतता झाली नाही. लग्नसराईत तो अधूनमधून रात्रपाळी काढतो आणि सकाळी स्वतःच येऊन माफी मागतो.

ज्यांची ऐपत विकत घेण्याची नाही त्यांनी निराश होऊ नये, उलट त्यांना एक फायदा आहे. भाडेकरूला जागा बदलता येते. माझा तर घेणाऱ्यालाही सल्ला आहे की, ज्या मोहल्ल्यात घर घ्यायचे तेथे ११ महिन्यांच्या करारावर आधी भाड्याने राहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक रमजान त्या गल्लीत काढावा. पावसाळ्यात पाणी कोणत्या दारात शिरते हे कळायला दुसरा उपाय नाही. डिपॉझिट आणि सामान हलवण्याचा खर्च जातो, पण ११ वर्षे तरी जात नाहीत.

आता धाकट्या मुलाला नाशिकला नोकरी लागली आहे, तेव्हा मी पुन्हा जागा पाहत फिरतो आहे. तेथे अडचण निराळी. फोनवर दलाल मोठ्या उत्साहाने झाडे, बगीचा, चालण्याचा ट्रॅक सांगतो. नाव सांगितले की तो फ्लॅट "कालच गेला" असतो. असे तीनदा झाले. चौथ्या ठिकाणी मालकाने स्वतः बोलावले, चहा पाजला, कागद दाखवले. इमारत बरी आहे, भोगवटा प्रमाणपत्र आहे, बाहेर दोन मोठी झाडे आहेत. पण मी गेलो तो रविवार होता आणि समोरच्या रस्त्यावर ट्रक दिसले नाहीत. म्हणून येत्या बुधवारी रात्री अकरापर्यंत तेथे थांबायचे ठरवले आहे. मुलाच्या आईलाही बरोबर नेणार आहे, ती चालून पाहील.