चॉकलेट-चेरी ट्रायफल : करमर्द, दुग्ध आणि वैद्याचे उत्तर

प्रस्तावना

छत्रपती संभाजीनगर येथील उस्मानपुरा परिसरात चिकित्सा करीत असताना औषधापेक्षा पथ्याविषयीचे प्रश्न आम्हांस अधिक विचारले जातात. गतवर्षी ज्येष्ठ महिन्यात एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलास विचर्चिकेचा जुना त्रास होता व तो नुकताच कोठे शमला होता. आठ दिवसांनी त्याचा वाढदिवस होता आणि त्याने चॉकलेट-चेरीचे ट्रायफल मागितले होते. "वैद्यबुवा, देऊ की नको?" एवढाच तिचा प्रश्न होता.

आम्ही सवयीने उत्तर दिले, "दूध आणि फळ एकत्र, म्हणजे विरुद्धाहार. देऊ नका." माता गप्प बसली, मुलाचा चेहरा उतरला. ती गेल्यावर मात्र आमच्या ध्यानी आले की, ज्या पदार्थास आपण निषिद्ध ठरविले, त्यात नेमके कोणते द्रव्य असते, ते कसे सिद्ध होते, हे आपणांस धडपणे ठाऊक नाही. द्रव्य, संस्कार व मात्रा न पाहता दिलेला निषेध हा शास्त्राचा निर्णय नव्हे, ती केवळ सुटका होय. त्या संध्याकाळी आम्ही पदार्थाची माहिती घेतली, घरी तो करून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मातेस पुन्हा बोलावले. त्या अभ्यासाचे सार वैद्यबंधू-भगिनी व औषधी निर्माते यांच्यापुढे ठेवीत आहोत.

पदार्थाचे स्वरूप

ट्रायफल हा मूळचा इंग्लंडचा पदार्थ. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या नावाने साखर, सुंठ व गुलाबजल घातलेली दाट साय ओळखली जात असे. पुढे तिच्याखाली केक, फळे व कस्टर्ड यांचे थर आले. 1837 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी, पत्नीस अंडे सोसत नसल्याने, मक्याच्या पिठावर आधारलेली अंडेविरहित कस्टर्ड पावडर तयार केली. आज आपल्या घरोघरी जे 'कस्टर्ड' होते ते हेच. म्हणजे हा प्रकारही मुळात एका व्यक्तीच्या असात्म्यातून जन्मला, ही गोष्ट वैद्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. चॉकलेट व चेरी यांची जोडी जर्मनीतील 'ब्लॅक फॉरेस्ट' केकमुळे प्रसिद्ध झाली व तेथून ती ट्रायफलमध्ये उतरली.

प्रचलित कृती अशी : काचेच्या भांड्यात स्पंज केकचे तुकडे, त्यावर चेरीचा पाक, चेरी, चॉकलेट घातलेले दुधाचे कस्टर्ड, पुन्हा हाच क्रम आणि सर्वांत वर फेटलेले क्रीम. चार-पाच तास थंड करून वाढतात.

द्रव्यपरिचय : 'चेरी' नावाचे करवंद

आमच्या दृष्टीने या शोधातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. बेकरीत व किराणा दुकानात मिळणारी लालभडक 'चेरी' ही बहुधा चेरी नसतेच. ते करवंद असते, म्हणजेच आपले करमर्द. फळे गंधकयुक्त द्रावणात ठेवून त्यांचा मूळ रंग घालवितात, बिया काढतात, नंतर साखरेच्या पाकात टप्प्याटप्प्याने मुरवून त्यांस कृत्रिम लाल रंग देतात. टुटी-फ्रुटीत कच्च्या पपईचे जे होते, तेच येथे करवंदाचे होते.

खरी चेरी काश्मीर व हिमाचल प्रदेशातून मे ते जुलै या काळात येते. तिचा हिमालयातील वन्य आप्त म्हणजे पद्मक. ज्याचे काष्ठ आपल्या फार्मसीत नित्य येते, त्याच कुळातील हे फळ आहे.

आता करमर्दाविषयी संहिता काय सांगतात? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात हृद्य गणातील दहा द्रव्यांत करमर्दाची गणना केली आहे. आणि सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध म्हणून जी अम्ल फळे नावानिशी दिली आहेत, त्यांतही करमर्द आहे. एकच द्रव्य एकीकडे हृद्य, तर दुग्धासह विरुद्ध! दोष द्रव्याचा नाही, संयोगाचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. भावप्रकाशात अपक्व करमर्द अम्ल व गुरु, तर पक्व करमर्द मधुर व लघु असा भेदही केलेला आहे.

पाकात मुरविलेल्या करमर्दाचे आम्लत्व बरेच कमी होते, म्हणून संस्काराने विरोध मंदावतो असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद विचारार्ह आहे. तथापि त्या संस्कारात आलेल्या रंगाचा प्रश्न उरतोच. अशा चेरीत वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी एरिथ्रोसिन हा आयोडीनयुक्त आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी 2025 मध्ये खाद्यपदार्थांतील त्याची अनुमती मागे घेतली व उत्पादकांस तो काढून टाकण्यासाठी जानेवारी 2027 पर्यंत मुदत दिली. तेव्हा वेष्टनावरील मजकूर वाचण्याची सवय रुग्णांस लावणे हे आपले कर्तव्य ठरते.

चॉकलेटचे मूळ असलेला कोको संहिताकाळी या भूमीत नव्हता. अनुक्त द्रव्याचा विचार रस व कर्म यांवरून करावा, या न्यायाने शुद्ध कोको तिक्त-कषाय रसाचा व उत्तेजक कर्माचा म्हणता येईल. त्यात थिओब्रोमिन व अल्प प्रमाणात कॅफिन असते. लहान मुलास रात्री तो देऊ नये, हे यावरून ओघाने आले. बाजारातील 'कंपाउंड' म्हणजे कोकोच्या स्नेहाऐवजी अन्य वनस्पतिजन्य स्नेह घातलेले मिश्रण. ते चॉकलेट समजून घेऊ नये.

विरोध टाळण्याचे दोन मार्ग

विरोध दूध व अम्ल फळ यांच्या संयोगात असेल, तर दोहोंपैकी एक काढावे, हे सरळ आहे.

पहिला मार्ग : दूध ठेवावे, अम्ल फळ काढावे. चेरीच्या जागी पूर्ण पिकलेला मधुर आंबा घ्यावा. भावप्रकाशात दुधासह घेतलेल्या पक्व आम्राची बृंहण व बल्य म्हणून प्रशंसा आहे. ज्येष्ठात जाधववाडीच्या बाजारात मराठवाड्याचा केशर आंबा विपुल असतो. 2016 साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. फळ आंबट लागत असेल तर मात्र हा मार्ग सोडावा.

दुसरा मार्ग : फळ ठेवावे, दूध काढावे. मुलास चेरीच हवी होती, म्हणून आम्ही हाच मार्ग घेतला. दुधाच्या जागी नारळाचे दूध योजिले.

निर्माणविधी (आठ जणांसाठी)

साहित्य : दूध व लोणी न घालता तेलात केलेला स्पंज केक 250 ग्रॅम, ताजी चेरी 300 ग्रॅम, साखर 120 ग्रॅम, नारळाचे पातळ दूध 500 मि.ली., नारळाचे दाट दूध 300 मि.ली., आरारूट 35 ग्रॅम, कोको 20 ग्रॅम, दूध नसलेले गडद चॉकलेट 100 ग्रॅम, वेलदोड्याची पूड पाव चमचा.

1. चेरी धुऊन बिया काढाव्यात. 60 ग्रॅम साखर व 50 मि.ली. पाणी घालून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे शिजवावी. फळ अखंड राहून रस सुटला की उतरवावे. येथे तार येऊ देऊ नये. आपण मोरावळ्यास जसा पाक घेतो तसा घेतल्यास केक तो शोषून घेत नाही. ताजी चेरी नसल्यास रंग न दिलेले, बिया काढलेले पिकलेले करवंद याच रीतीने घ्यावे. साखर थोडी वाढवावी.

2. आरारूट, कोको व उरलेली साखर थोड्या गार पातळ नारळ-दुधात गुठळी न राहता कालवावी. उरलेले पातळ दूध मंद तापवून त्यात हे मिश्रण धार धरून घालावे व सतत ढवळावे. पहिला बुडबुडा येऊन मिश्रण पळीस चिकटू लागले की उतरवावे. नारळाचे दूध खळखळ उकळल्यास फाटते आणि आरारूट फार वेळ शिजविल्यास पुन्हा पातळ होते. म्हणून या पायरीस आच सोडून जाऊ नये.

3. उतरविल्याबरोबर चॉकलेटचे तुकडे व 100 मि.ली. दाट नारळ-दूध घालून एकजीव करावे, वेलदोडा घालावा. साय धरू नये म्हणून कोमट होईपर्यंत मधूनमधून ढवळावे.

4. काचेच्या भांड्यात केकचा निम्मा भाग पसरून त्यावर चेरीचा निम्मा रस चमच्याने सारखा सोडावा. त्यावर निम्मी चेरी, त्यावर निम्मे कोमट मिश्रण. हाच क्रम पुन्हा करावा. मिश्रण कढत असेल तर ते केकमध्ये मुरते व थर मोडतात. पूर्ण गार झाले असेल तर सारखे पसरत नाही. कोमट हीच योग्य अवस्था.

5. उरलेले दाट नारळ-दूध आधीच थंड करून ठेवावे. वर जमलेला घट्ट भाग अलगद काढून शेवटचा थर द्यावा. दुधाच्या क्रीमसारखा फेस येत नाही, ती अपेक्षा ठेवू नये.

6. चार तास थंड करावे. वाढण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे. त्याच दिवशी संपवावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नारळाचे दूध लवकर आंबते.

विमर्श

काही आधुनिक विचारक म्हणतात की, दूध जठरातील अम्लाने फुटतेच, मग फळाचा दोष कोणता? आक्षेप टाळण्यासारखा नाही. परंतु संहितेतही विरुद्धाहाराने प्रत्येकास प्रत्येक वेळी व्याधी होतोच, असे म्हटलेले नाही. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्त अग्नी, तारुण्य, स्निग्ध शरीर व व्यायामाने आलेले बल असता विरुद्धही बाधत नाही, हे चरकाचार्यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणून वर्षातून एकदा अर्धी वाटी ट्रायफल खाणाऱ्या निरोगी तरुणास भय घालणे अनुचित. ज्याच्या व्याधीच्या हेतूंत विरुद्धाशन प्रबळ दिसते, विशेषतः त्वग्रोगी, त्यास मात्र संयोग टाळण्यास निश्चयाने सांगावे. वर दिलेल्या विधीने विरोध टळतो, गुरुत्व टळत नाही. पदार्थ कफकर व मंदाग्नीस जड आहेच. प्रमेही रुग्णांनी तो औषधासारखा 'आयुर्वेदिक' समजून घेऊ नये. त्वग्रोगी बालकास अंडे, गहू वा नारळ सोसत नसल्याचा इतिहास असेल, तर तोही आधी विचारावा.

औषधी निर्मात्यांस येथे एक कार्य आहे. पाकसिद्धीचे ज्ञान, तारेची परीक्षा, शुद्ध पात्रे ही सर्व सामग्री आपल्याकडे आहे. मोरावळा व गुलकंद करणाऱ्या फार्मसीस रंगविरहित करमर्द-पाक करणे अवघड नाही. तो लाल चमकणार नाही, तपकिरी दिसेल. ग्राहकास ते समजावून सांगणे हेच खरे विक्रीकौशल्य. अर्थात, खाद्यपदार्थ म्हणून विकावयाचा तर अन्न सुरक्षा कायद्याखालील परवाना व वेष्टनाचे नियम पाळणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

वाढदिवसानंतर ती माता पुन्हा आली. मुलाने अर्धी वाटी खाल्ली होती, त्वचा शांत होती. एका रुग्णावरून सिद्धांत मांडण्याचा आमचा हेतू नाही. पदार्थाविना तो शांतच राहिला असता, किंवा दुधाचे ट्रायफल खाऊनही कदाचित राहिला असता. आम्हांस महत्त्वाची वाटली ती तिची पुढची गोष्ट. पूर्वी एकदा आम्ही आइस्क्रीम वर्ज्य सांगितले असता मुलाने ते शाळेबाहेर चोरून खाल्ले होते, आणि ते तिने आम्हांस कधी सांगितले नव्हते. आज सांगितले.

रुग्ण पथ्य लपवू लागला की वैद्यास हेतू कळत नाही, आणि हेतू कळला नाही तर निदानपरिवर्जन कशाचे करावयाचे? म्हणून 'नको' म्हणण्यापूर्वी पदार्थ जाणून घ्यावा, आणि शक्य तेथे 'असा करा' हे सांगावे, एवढीच आमची वैद्यबंधू-भगिनींस नम्र विनंती.