माणसं तीच, वातावरण वेगळं : नवी कल्पना कुठे रुजते?



छोट्या कंपनीत पैसा कमी आणि माणसं मोजकी असतात. तरीही काही छोट्या कंपन्या जगाला नवी वस्तू देतात, तर काहींना हुशार माणसं असूनही ते जमत नाही. असं का होतं? अमेरिकेतलं एक खरं उदाहरण पाहूया.

विल्यम शॉकली हे ट्रान्झिस्टरच्या तीन संशोधकांपैकी एक. १९५६ साली त्यांनी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे छोटी कंपनी सुरू केली. त्याच वर्षी त्यांना नोबेलही मिळालं. त्यांनी अतिशय हुशार तरुण शास्त्रज्ञ निवडून घेतले. पण कंपनीत संशय भरलेला होता. कोणी नवा निष्कर्ष सांगितला की शॉकली जुन्या सहकाऱ्यांना फोन करून तो खरा आहे का, हे विचारत. एकदा एका कर्मचारी बाईंच्या बोटाला इजा झाली, तर हे कोणीतरी मुद्दाम केलं असं समजून त्यांनी खोटं पकडणाऱ्या यंत्रावर तपासणीचा आग्रह धरला! शिवाय सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं काम मागे टाकून त्यांनी स्वतःच्या आवडीच्या डायोडवर भर दिला.

१९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर ही कंपनी काढली. इथे एकमेकांशी मोकळेपणानं बोलता येत होतं. त्या आठांपैकी एक, जाँ होर्नी. ट्रान्झिस्टर बनवताना त्यावर येणारा ऑक्साइडचा थर अशुद्ध समजून काढून टाकायची तेव्हा पद्धत होती. होर्नींनी उलटा विचार केला : हा थर तसाच ठेवला तर तो आतल्या भागाचं रक्षण करेल! १९५९ मध्ये ही पद्धत यशस्वी झाली. तिच्याच आधारावर रॉबर्ट नॉइस यांनी सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर पूर्ण सर्किट बसवण्याची रीत मांडली. आपल्या मोबाइलमधल्या चिपचा पाया तो हाच.

आता गंमत बघा. होर्नी आणि नॉइस दोघंही आधी शॉकलींकडेच होते! नव्या कंपनीला भांडवल मिळालं, कामाची दिशा बदलली, हे खरंच. पण रुळलेल्या पद्धतीला 'असं का?' म्हणायला भीती वाटली नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. नवी कल्पना सुरुवातीला बहुतेकदा चूकच वाटते. चुकीची शिक्षा होणार असेल, तर माणूस ती मनातच ठेवतो.

मी हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला. चुकीचं उत्तर आलं की मी पटकन "बस खाली" म्हणायचे. हळूहळू वर्गात तेच चार हात वर येऊ लागले. बाकीची मुलं 'ढ' नव्हती, गप्प झाली होती. आता मी विचारते, "तुला असं का वाटलं?" वेळ जास्त लागतो, पण हात वाढलेत.

तुम्हीही आठवडाभर करून बघा. शाळेत असो की घरी, चुकीचं उत्तर आलं की आधी कारण विचारा. मूल काय सांगतं, ते नीट ऐका.