सूर्यास्तापूर्वीचे पन्नास किलोमीटर

कणकवलीहून फोंडाघाट चढून गेले की दाजीपूरचे जंगल लागते. १९५८ मध्ये हे वन गव्यांसाठी राखीव झाले आणि १९८५ च्या विस्तारानंतर राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचाही भाग आहे. दुकानाच्या गादीवर दिवस काढणाऱ्या घरांतील तरुणांना आता अशा वनवाटांवर धावण्याची ओढ लागली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र दोन प्रश्न पडतात : व्रत सांभाळले जाईल का, आणि जीवदयेचे काय?

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरहून लांब शर्यतीला अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. आपल्याकडे सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटेवर ती थंडीत होते. उन्हाळ्यातील सर्वांत प्रसिद्ध वनशर्यत कॅलिफोर्नियातील शंभर मैलांची ‘वेस्टर्न स्टेट्स’. स्कॉट ज्युरेकने ती १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे जिंकली. त्याची कारकीर्द वनस्पतिजन्य आहारावर घडली. त्यामुळे शाकाहाराने ताकद कमी पडते, ही शंका घरात उरू नये.

खरी कसोटी उन्हाची आणि पाण्याची आहे. कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील मीठ घटून भोवळ, गोंधळ, प्रसंगी आकडीही येते. घरून उकळून नेलेले पाणी, मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत, राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि खाखरे यांवर ही वाट निभावते. उपवास धरून मात्र उन्हात धावू नये.

मे महिन्यात कणकवलीत सूर्योदय ते सूर्यास्त सुमारे तेरा तास मिळतात. नवकारशीची ४८ मिनिटे पहाटेच्या गारव्यात निघून जातात. तासाला पाच किलोमीटरची चाल राखली, तर ५० किलोमीटर दहा तासांत होतात. दुपारी सावलीत विसावून चौविहारापूर्वी भोजनही होते. शंभर किलोमीटरला मात्र रात्र लागते. व्रत आणि शर्यत यांची ओढाताण होणार असेल, तर अंतर कमी करावे, पाणी नव्हे.

जीवदयेचा प्रश्न याहून मोठा आहे. ‘वेस्टर्न स्टेट्स’च्या वाटेत संरक्षित वन लागते, म्हणून तेथे ३६९ च धावपटूंना प्रवेश मिळतो. ही संख्या हौसेने नव्हे, वनाच्या मर्यादेने ठरली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीविना शिरता येत नाही. परवानगी मिळाली तरी भोंगे, गाणी आणि प्लास्टिकच्या बाटल्या तेथे नकोतच.

आपले साधू-साध्वी उन्हाळ्यातही अनवाणी विहार करतात, तेव्हा पुढची जमीन पाहूनच पाऊल टाकतात. वनवाटेवर धावणाऱ्याचीही नजर पायाखालीच असते. चुकली की ठेच लागते. तीच नजर मुंग्यांची रांग ओलांडण्यापुरती जपली, तर वेग थोडा घटेल. आणि वाटेत गवा उभा असेल, तर दूर थांबावे. त्याच्या घरातून आपण जात आहोत. तो हटेपर्यंतचा वेळ हिशेबात आधीच धरलेला असावा.